चौथ्या थराची जाळी

४ नोव्हेंबर

काका, नमस्कार.

तुमचे कान गेल्यापासून फोनची सोय गेली, आणि मला शाळेतल्या वह्या तपासण्याव्यतिरिक्त काही लिहायची सवय राहिलेली नाही. अक्षर लागलं नाही तर शेजारच्या पोस्टमनकडून वाचून घ्या.

बातमी अशी की आम्ही मागच्या खोलीवर दोन खोल्या चढवतोय. ह्यांची बदली इकडे झाली आणि आई, मी, हे आणि दोन्ही पोरी असे पाच जण तीन खोल्यांत एकमेकांच्या पायात येतोय. धाकटी बाबांच्या शिलाई मशीनखाली बसून अभ्यास करते आणि ती आपली खोली आहे म्हणून वाकून आत येणाऱ्याला आधी दार वाजवायला लावते.

आईची एकच अट आहे. वरच्या भिंतींतही जाळी हवी, बाबांनी खाली घातली तशी. तुम्हाला माहीतच आहे, तिच्या लहानपणी भिंत पडून तिची धाकटी बहीण गेली. अजूनही ती कुणाच्या घरी गेली की चपला काढून आधी भिंतीवर हात ठेवते. दुकानदाराने चार तऱ्हेच्या जाळ्या समोर टाकल्या, जाड, बारीक, चकचकीत, काळ्या. मी भूगोल शिकवणारी बाई, मला त्यातलं काय कळणार? कुठली घेऊ ते सांगा.

तुमची छबू


१२ नोव्हेंबर

छबू, तुला पोटभर आशीर्वाद, आणि मशीनखाली राहणाऱ्या बाईंना जरा जास्त.

पत्र वाचून इतकं बरं वाटलं की दुपारची गोळी घ्यायची राहून गेली. मला शाळेने काही शिकवलं नाही, जे आलं ते विटा हातात घेऊन आलं. तेव्हा सांगतो ते माझ्या पद्धतीने ऐक.

जाळी म्हणजे भिंतीच्या पोटातला पट्टा. वीट दाबायला कणखर असते, ओढायला नाही. जमीन जराशी खचली, की भिंत ओढली जाते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून उसवते. ओढ घ्यायला आत लोखंड हवं. दुकानदार तुला जाड तारेची दाखवील आणि मजबूत म्हणून गळ्यात मारील. घेऊ नकोस. दोन विटांमधली दरज दहा मिलिमीटरची. तार पाचची घेतलीस तर जिथे दोन तारा एकमेकींवरून जातात तिथे दहा झाली, मग सिमेंट-वाळूचा माल भरायला जागा कुठे? वीट थेट तारेवर बसते आणि डुलते. तीनची तार घे. जाळीची घरं दोन बोटांची. जस्त चढवलेली हवी, कारण साधी तार गंजली की फुगते आणि जिला धरायचं तिलाच फाडते.

जाळी कोरड्या विटेवर टाकू देऊ नकोस. आधी माल, त्यावर जाळी, थापीने दाबायची, वर पुन्हा माल. जोड आला तर वीतभर एकावर एक. दर चौथ्या थराला एक. रुंदीला भिंतीपेक्षा बोटभर कमी, म्हणजे दोन्ही अंगांनी झाकली जाते. फक्त कोपऱ्यावर तिची टोकं नखाएवढी बाहेर ठेवायची. आम्ही त्यांना शेपट्या म्हणतो. भिंत उभी राहिली की आत काय आहे ते कुणाला दिसत नाही, म्हणून मालक कोपऱ्यावर उभा राहून शेपट्या मोजतो.

दादा, तुझा बाबा, टेलर माणूस. सुट्टीच्या दिवशी माझ्याकडून शिकत शिकत त्याने ते घर उभं केलं. ओळंबा असा धरायचा, जणू भिंतीचं माप घेऊन तिला सदरा शिवणार आहे. मी हसायचो. पण दोरीतून वीट रेघभर बाहेर गेलेली त्याला चालायची नाही.

काम काढण्याआधी मला कळव.

तुझा काका


२१ नोव्हेंबर

काका,

तुमचं पत्र मी मोठ्याने वाचलं. सदऱ्याच्या ओळीवर आई हसली आणि मग बराच वेळ मशीनचं चाक पुसत बसली.

इंजिनिअर येऊन गेले. तरुण आहेत, पण काटेकोर. मागची भिंत सोळा फूट लांब, मध्ये आडवी भिंत नाही, आणि खिडकीच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर. हे बघून त्यांनी तोंड वाकडं केलं, म्हणाले, वर काही चढवणं कठीण आहे. तेव्हा मला तुमच्या शेपट्या आठवल्या! कोपऱ्यावरचं प्लास्टर काढून बघा म्हटलं. गवंड्याने छिन्नी लावली आणि खालपासून वरपर्यंत, दर चौथ्या थराला, नखाएवढ्या तारा. सात. आईने बोट लावून मोजून दाखवल्या. इंजिनिअर म्हणाले, जाळी आहे तर हलक्या खोल्या चढवायला माझी हरकत नाही, नसती तर मी या भिंतीवर एक वीट ठेवू दिली नसती. कागदावर सहीसुद्धा केली.

म्हणजे तुमच्या एका पत्राने काम झालं, काका. आई म्हणाली, भाऊजींना लिही, तुमच्या दादाचं काम पास झालं.

तीन मिलिमीटरची जाळी मागवली आहे.

छबू


२ डिसेंबर

छबू,

जाळीची निवड बरोबर. गुंडाळी आली की कुंपणाला टेकवून उभी कर, आडवी टाकलीस की पायाखाली येऊन वाकते.

आता एक सांगतो ते मनावर घे. त्या भिंतीवर चढू नका. तेव्हाची वाळू बारीक होती, मालात दम नसेल. बावीस वर्षं झाली तिला. त्यापेक्षा अंगणात नवा पाया काढून दोन खोल्या घ्या, किंवा ती भिंत उतरवून नवी बांधा. उतरवलीत तर फार चांगलं. विटा धुऊन पुन्हा वापरता येतील.

इकडे थंडी आहे. बोटं सकाळी मिटत नाहीत, पेन धरायला वेळ लागतो.

काका


११ डिसेंबर

काका,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवायला नको होतं. ऐकून उठून गेली. संध्याकाळी म्हणाली, म्हातारपणी माणूस भित्रा होतो, भाऊजींचं तसंच झालंय. मग म्हणाली, का स्वतःच्या हाताने न बांधलेली भिंत त्यांना भिंतच वाटत नाही?

मी तुमची बाजू घेतली, पण खरं सांगू का, मलाही कळलं नाही. आधी शेपट्या मोजायला शिकवता, त्या निघतात, इंजिनिअर सही करतात, आणि मग तुम्ही वाळूवर घसरता. अंगण आहे कुठे? नळाजवळ बादली ठेवली तर पाय ठेवायला जागा उरत नाही. आणि भिंत उतरवायचं नावसुद्धा इथे काढता येत नाही. आईचा पलंग बावीस वर्षं त्याच भिंतीला लागून आहे, बाबा गेल्यावरही तिने तो हलवला नाही. ती म्हणते, मला इथेच झोप लागते.

तुम्हाला काही वेगळं म्हणायचं असेल तर सरळ म्हणा. काम आठ जानेवारीला सुरू होतंय.

छबू


२७ डिसेंबर

काका,

सोळा दिवस झाले, उत्तर नाही. रागावलात का? की तब्येत बरी नाही? पोस्टमनला विचारून एक ओळ तरी पाठवा. माझं मागचं पत्र जरा तिखट झालं, मला माहीत आहे.

विटा येऊन पडल्या. आईने मागच्या खोलीतून हलायला नकार दिलाय. वर काम चालू असतानाही ती तिथेच झोपणार म्हणते.

छबू


३० डिसेंबर

छबू,

हे पत्र टपालात टाकत नाही. तुमच्या गावची बस चालवणारा माझ्या ओळखीचा आहे, त्याच्या हातात देतोय. तो तुझ्याच हातात देईल. वाचलंस की पहिल्यांदा वहिनींचा पलंग त्या खोलीतून बाहेर काढ, मग पुढचं वाच.

त्या भिंतीत जाळी नाही.

शेपट्या आहेत, तेवढ्याच आहेत. कोपऱ्यावर वीतभर तुकडे आहेत, आत काही नाही. माझा शब्द मानायचा नसेल तर भिंतीच्या मध्यावर जा, चौथ्या थराच्या वरची दरज मोठ्या खिळ्याने चार बोटं खोल खरवड. तार लागली तर मला खोटा म्हण.

आता कसं झालं ते. त्या वर्षी आम्ही दोघे भाऊ एकाच वेळी बांधत होतो. तो तिकडे, मी इकडे. दोघांची जाळी एकत्र मागवली, दुकानात एकच गुंडाळी आली आणि पुढची दोन महिने येणार नव्हती. माझी जागा म्हणजे भरलेला खड्डा. पहिल्या आठ दिवसांतच माझ्या कच्च्या भिंतीला तडा गेला. तुझी काकू सात महिन्यांची गरोदर होती आणि आम्ही पत्र्याखाली राहत होतो. दादा बघायला आला. तडा बघितला, काकूकडे बघितलं, आणि गुंडाळी माझ्या ओट्यावर ठेवून म्हणाला, तुझी जमीन भरावाची, माझी मुरमाची, तू घे.

मी घेतली. एकदाही नको म्हणालो नाही.

मग तो पायरीवर बसला. म्हणाला, "तिला काय सांगू? ती रोज येऊन थर मोजते."

वहिनी तेव्हा रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होत्या. संध्याकाळी परत आल्या की पिशवी खाली न ठेवता भिंतीपाशी जायच्या. जाळी नसेल तर त्या घरात पाऊल टाकणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दोन महिने थांबायची त्याची तयारी होती, छबू. पण भाड्याची खोली सोडायची तारीख ठरलेली होती. आणि तो माझ्याकडे बघत होता, कारण गवंडी मी होतो.

"शेपट्या ठेव," असं मी म्हणालो. मीच. आणि माझ्या कात्रीने मी तुकडे कापून दिले, दोन कोपऱ्यांचे सात सात. त्याने ते रुमालात बांधून नेले.

आमचं ठरलं होतं की पुढच्या वर्षी ती भिंत उतरवून खरी बांधायची. पुढच्या वर्षी तुझ्या शाळेचं आलं, मग माझा हात मोडला, मग काहीतरी. एकमजली भिंत, वर पत्र्याचं हलकं छप्पर, उभी राहील असं मी मनाला समजावलं. उभी राहिलीही. दादा गेल्यावर मी सांगायला हवं होतं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता वहिनींकडे त्याच्या हातचं तेवढंच उरलंय.

पण वर दोन खोल्या चढल्या तर ती भिंत पोटातून फुगेल. मला डोळ्यांसमोर दिसतंय. तुझी दोन पत्रं समोर ठेवून मी रोज लिहायला बसलो आणि वाळूचं, थंडीचं लिहून फाडलं. तुला शेपट्या मोजायला मीच शिकवलं. ते तू खालच्या भिंतीला लावशील हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

काम थांबव. मग मला काय म्हणायचं ते म्हण.

काका


३ जानेवारी

काका,

खिळ्याने खरवडलं. पाच ठिकाणी. काही लागलं नाही.

काम थांबवलं. इंजिनिअरनी सही केलेला कागद परत मागितला. मला त्यांच्याकडे बघवेना.

आई माझ्यामागेच उभी होती. तिसऱ्या ठिकाणी तिने खिळा माझ्या हातातून घेतला आणि उरलेल्या दोन जागा स्वतः खरवडल्या. तुमचं पत्र तिने मागून घेतलं, वाचलं, घडी घालून परत दिलं.

वर्गात मी पोरींना डोंगराचे थर शिकवते. वरून दिसतं त्यावरून आत काय आहे ते ओळखायचं असतं, असं सांगते. उद्या कसं सांगणार आहे, मला माहीत नाही.

छबू


९ जानेवारी

छबू,

तू लिहिलंस, तेवढंही पुष्कळ.

भिंत उतरवाल तेव्हा घाई करू नका. आधी छपराखाली लाकडी टेकू द्या, दर तीन फुटांना एक, खाली फळी आणि फळीखाली पाचर. टेकू ठोकून घट्ट झाले की मगच वरचा थर काढायचा. वरून खाली, एकेक थर. मध्येच पाडायला सुरुवात केली तर छप्पर खाली येईल. खोलीत त्या वेळी कुणी नको. टेकू लावणाऱ्याला हे पत्र वाचायला दे.

दुसरं म्हणजे, तोवर तुम्ही पाच जण राहणार कुठे? इथे या. काकू गेल्यापासून चार खोल्यांत मी एकटा भटकत असतो. तिचं ते बाळ राहिलं नाही, हे तू जाणतेस. त्यानंतर घर भरलंच नाही. या भिंतींत दर चौथ्या थराला जाळी आहे. ती तुमची आहे. वहिनींना सांग, मी पुढच्या ओसरीत झोपेन, मध्ये येणार नाही. मला तर ऐकूही येत नाही, माझ्यादेखत मला हव्या तेवढ्या शिव्या दिल्या तरी चालतील.

काका


२० फेब्रुवारी

काका,

टेकू तुमच्या सांगण्याप्रमाणे लावले. भिंत सहा दिवसांत उतरली. दरज इतकी नीट भरलेली होती की गवंडी म्हणाला, हे कुणी केलंय, हात फार साफ होता. मी सांगितलं, टेलर होते. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

सोळा फुटांत बाबांनी एक वीट वाकडी लावलेली नव्हती. मला राग धरून ठेवायचा होता आणि ते बघून धरवेना. मी कुंपणाशी जाऊन रडून घेतलं. तुमच्यावरचा राग अजून आहे. पण तुम्ही ते पत्र पाठवलं नसतं तर आई कुठे झोपली असती, हा विचार रोज येतो. दोन्ही एकाच वेळी डोक्यात असतं, आणि कुठलं आधी लिहावं ते समजत नाही.

तुमच्या घरी आम्ही आलो नाही. पुढच्या गल्लीत दोन महिन्यांसाठी खोली घेतली. आई नाही म्हणाली, आणि मी आग्रह केला नाही.

आता नवी भिंत. आई सकाळी खुर्ची घेऊन समोर बसते. चौथा थर झाला की उठते. माल पसरला, जाळी टाकली, की गवंडी बाजूला होतो आणि आई या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवत जाते, ओल्या मालातून, सोळा फूट. मग म्हणते, घाला. मग पुढची वीट बसते. पहिल्या दिवशी गवंडी वैतागला. आता तो स्वतःच तिला हाक मारतो. संध्याकाळी तिच्या हाताला तेल लावून देते, सिमेंटने कातडी सोलली आहे. हातमोजे दिले तर घालत नाही.

वर खोल्या चढतील, एप्रिलपर्यंत. या पत्रासोबत तिचंही एक आहे. मी वाचलेलं नाही.

छबू


२० फेब्रुवारी

भाऊजी,

मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, सरळ लिहिते.

तुमच्या दादांनी मला फसवलं ते एका संध्याकाळी, पण निभावलं अकरा वर्षं. आता एकेक आठवतंय. दर वर्षी पावसाआधी ते मला म्हणायचे, पलंग पुढच्या खोलीत घेऊ या. मी म्हणायचे, कशाला, या भिंतीत जाळी आहे. मग ते भिंतीकडच्या बाजूला स्वतः झोपायचे. मला वाटायचं, त्यांना तिकडचा गारवा आवडतो.

ते असते तर मी भांडले असते आणि दोन दिवसांनी बोलले असते. ते नाहीत. भांडायला तुम्हीच उरलात, आणि तुम्हाला ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र.

जाळी तुम्हाला दिली याचं मला वाईट वाटत नाही. जावेला सातवा महिना होता, मला विचारलं असतं तर मीच उचलून दिली असती. दुसरी भाड्याची खोली घेऊन आणखी दोन महिने काढले असते. तुम्ही दोघांनी मला विचारलं नाही. माझ्या बहिणीचं ऐकून होतात, आणि तरी मला तारांचे तुकडे मोजायला लावलेत. मी सात मोजले आणि त्या रात्री निर्धास्त झोपले. तुम्ही दर वर्षी आलात, त्याच भिंतीला पाठ टेकून चहा घेतलात, आणि मला विचारलंत, काय वहिनी, झोप लागते ना?

तुमच्या दादांना मी माफ केलं. तुम्हाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही, ते मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. तुम्हाला माफ करणं मला अजून जमत नाही. खोटं बोलून जमल्याचं दाखवणार नाही. या घरात ते एकदा झालंय.

नव्या खोल्या झाल्या की छबू तुम्हाला बोलावील. तेव्हा येऊ नका. मला तुमच्यासमोर त्या भिंतीवर हात ठेवता येणार नाही.

पण लिहू नका असं मी म्हणत नाही. छबूला येणारी तुमची पत्रं ती शाळेत गेली की मी काढून वाचते. मला लिहिलंत तर तेही वाचेन. उत्तराची वाट बघू नका.

वहिनी